तळाचा रुपया

होमराजभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
खोल कोपऱ्यात रुपया टाकलाय.
काठावर उभं राहून छाप आहे की काटा
हे सांगता आलं, तर पाणी साफ.
नाही आलं, तर तुझा पगारही गढूळ, डेकराम.
आणि हसले.
मी वाकून पाहिलं. छाप होती.

साकोलीच्या अलीकडे, राइस मिलच्या मागं,
जिथं धानाचा कोंडा साचायचा, त्या परसात
आता निळ्या फरशीचा हौद आहे.
नातवंडं पूल म्हणतात.
आमची सगुना म्हणते, पूल त नदीवर रायते बाप्पा,
हा त टाका आहे.

सकाळी जाळीनं मोहाची पानं काढतो,
रात्री दिव्याला भुललेले किडे,
एखादी बेडकी. तिला बांधीत सोडून येतो,
संध्याकाळी ती माझ्याआधी हजर.
भिंती वरून खाली घासायच्या.
बाटलीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध.
डाळीच्या पाण्याएवढं पिवळं झालं तर बरं.
हळदीवर गेलं तर पोरांचे डोळे लाल होणार.
पांढरंच राहिलं तर आज कोणी उतरायचं नाही.
पावडर सूर्य बुडाल्यावर, कारण ऊन पावडर खातं.
बादलीत आधी पाणी, मग पावडर.
उलटं मी एकदाच केलं.
डाव्या हाताच्या पाठीवर ते अजून आहे.

आम्ही ढिवर.
बाप ओंजळभर पाणी तोंडात फिरवून थुंकायचा
आणि सांगायचा, इकडं मरळ नाही, पलीकडं चला.
ज्या पाण्यात शिंगूर नाही, बोटरी नाही,
पायाला गुदगुल्या करणारं गवत नाही,
ते पानी बिमार आहे, म्हणायचा.
गावचा तलाव भाऊंच्या पूर्वजांनी बांधला,
जाळं आमच्यांनी टाकलं, असं म्हातारे सांगतात.
आता त्यांचा हा एक हौद
आणि माझी ही लांब दांड्याची जाळी,
जिच्यात काही सापडलं
तर माझं काम बिघडलं.

मे महिन्यात वावधन आलं, तारा तुटल्या,
तीन दिवस मिल बंद, फिल्टर बंद.
पहिल्या दिवशी पाणी नुसतं मलूल.
दुसऱ्या दिवशी कोवळ्या धानाच्या रंगाचं.
तिसऱ्या दिवशी रुपया गेला.
भाऊ काठावर फेऱ्या मारत होते,
रविवारी नागपूरहून नातवंडं येणार.
आणि स्टीलच्या शिडीवर
एक खंड्या येऊन बसला होता.
माझी पोरगी म्हणते, पुस्तकात त्याला धीवरच लिहिलंय.
मान तिरपी करून तो पाण्यात बघत होता,
अगदी आमच्या बापासारखा,
घाई नसलेला.

मी त्याला हाकललं नाही.
पण काठाशी अळ्या वळवळताना दिसल्या
तेव्हा हातही थांबला नाही.
मागच्या साली आमच्या टोलीतली दोन पोरं
तापानं भंडाऱ्याला नेली होती,
एकच परत आलं.
लाइट आली त्या रात्री दुप्पट पावडर,
तुरटी, ब्रश, पुन्हा ब्रश,
पहाटे मोटर बंद करून
तळाचा गाळ सावकाश ओढून घेतला.
दोन रात्री सगुनानं डबा मिलवरच आणला.

रविवारी थेंब टाकले. डाळीचं पाणी.
खंड्या आला, शिडीवर बसला,
तळापर्यंत सगळं दिसत होतं त्याला.
काही नव्हतं. उडून गेला.

काय दिसते रे, भाऊंनी ओट्यावरून विचारलं.
काटा, म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि पोरांना हाक मारली.

ब्रशचा धक्का लागला असेल.
लागलाच असेल.
पण त्या तीन हिरव्या दिवसांत
खाली जाऊन कोणीतरी तो उलटा केला,
हे मी अजून
कोणाला सांगितलेलं नाही.